संग्रहालयात भेटलेले माहेर

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



भाषणाला उभी राहण्याची माझी ही पहिलीच वेळ. आजवर मी या मंडळात सतरंज्या घातल्या, हळदीकुंकवाची ताटे भरली, भजनात टाळ धरला. पण चार शब्द बोल म्हटले की मागच्या रांगेत जाऊन बसत असे. सातवी शिकलेल्या बाईने शहाण्या बायांपुढे काय बोलावे? यंदा मात्र अध्यक्षबाईंनी ऐकले नाही. म्हणाल्या, "हैदराबादहून आल्यापासून भेटेल तिला तू त्या हाडांच्या गोष्टी सांगत असतेस. एकदा सगळ्यांना मिळून सांगून टाक, म्हणजे आम्ही सुटलो." तेव्हा तुमची सुटका व्हावी म्हणून उभी आहे. चुकले तर सांभाळून घ्या.

मागच्या हिवाळ्यात आपल्या मंडळाची सहल हैदराबादला गेली, ते तुमच्यापैकी पुष्कळजणींना आठवत असेल. बल्लारशाहून रात्रीची गाडी, डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, आणि जागेवरून झालेले ते भांडण. ते मी आज काढत नाही. चारमिनार झाला, बांगड्यांची खरेदी झाली, सालारजंगचे घड्याळ पाहिले. दुसऱ्या दिवशी नौबत पहाडावरच्या बिर्ला मंदिरात गेलो. मंदिर मोठे सुरेख, पांढरेशुभ्र. पण माझे गुडघे पायऱ्यांचे नाव काढू देत नाहीत. दर्शन घेऊन आम्ही तिघीजणी बाकीच्यांच्या आधीच बाहेर पडलो. जवळच विज्ञान संग्रहालय आहे. आत बसायला मिळेल, गारवा असेल, एवढ्याच विचाराने आम्ही तिकिटे काढली. ज्ञान मिळवायला गेलो होतो असे मी म्हणणार नाही, कारण त्या दोघी इथेच समोर बसल्या आहेत.

आत गेलो आणि जागच्या जागी उभ्या राहिलो. समोर एक सांगाडा होता. जनावराचाच, पण केवढा! लांबी चव्वेचाळीस फूट. आपल्या या सभागृहात तो आणायचा म्हटले तर शेपटी व्यासपीठाच्या भिंतीला टेकेल आणि मान दाराबाहेर पानठेल्यापर्यंत जाईल. माझ्या सोबतीण म्हणाल्या, "अगं बाई, बकासुर!" मला मात्र भीती वाटली नाही. त्याचे पाय पाहून मला हत्ती आठवला आणि मान पाहून विहिरीवरची मोट.

पाटी इंग्रजीत होती. मला अक्षरे लावता येतात, अर्थ लागत नाही. तिथे एक पहारेकरी उभा होता. माझे माहेर सिरोंचा तालुक्यातले, तेव्हा तेलुगू मला तोंडओळखीपेक्षा थोडे जास्त येते. मी धीर करून विचारले, "इदि एक्कडिदि?" म्हणजे, हे कुठले? मला वाटले, अमेरिका किंवा आफ्रिका असे काहीतरी सांगेल. तो सहज म्हणाला, "यामनपल्ली. आदिलाबाद जिल्हा. प्राणहिता नदीजवळ."

भगिनींनो, मी खालीच बसले. सोबतिणींना वाटले मला भोवळ आली. प्राणहिता म्हणजे माझ्या माहेरची नदी हो! वर्धा आणि वैनगंगा एकत्र होतात तिथपासून खाली गोदावरीला मिळेपर्यंत तिचे नाव प्राणहिता. एका काठाला आमचा सिरोंचा तालुका, दुसऱ्या काठाला पूर्वीचा आदिलाबाद जिल्हा. माझी मावशी त्या काठाला दिलेली होती. लहानपणी आम्ही डोंग्यातून पलीकडे जायचो, उन्हाळ्यात तर वाळूतून चालत. म्हणजे चारशे किलोमीटर गाडीत बसून, तिकीट काढून मी जे नवल पाहायला आले, ते माझ्या मावशीच्या शिवारातले निघाले!

त्या जनावराचे नाव कोटासॉरस. आपल्या बाजूला सिरोंच्याजवळ प्राणहितेच्या काठावर कोटा नावाचे गाव आहे. त्या गावावरून तिथल्या दगडांच्या थरांना कोटा थर म्हणतात, आणि थरांवरून जनावराचे नाव पडले. साताऱ्याहून आलेल्याला जसे आपण सातारकर म्हणतो, तसाच हा कोटेकर. १९७० नंतरच्या दशकात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याच्या लोकांना त्याची सुमारे ८४० हाडे एकाच जागी सापडली. ती एका जनावराची नव्हती, निदान बाराजणांची होती. त्यांतून जुळवून हा एक उभा केला. आणि गंमत अशी की डोक्याचा पत्ता नाही. दोन दात तेवढे मिळाले. संग्रहालयात जे डोके लावले आहे ते त्याच्या भाऊबंदांवरून अंदाजाने केलेले. मला हे कळले तेव्हा पहिल्यांदा फसवल्यासारखे वाटले. मग मनात आले, आपणही नाही का आजीचे नाक आणि आत्याची हनुवटी पाहून पणजी कशी दिसत असेल ते ठरवतो?

गाडीत परतताना मला झोप लागली नाही. त्याचे कारण हे जनावर नव्हे. त्याचे कारण होते आमच्या माहेरचा धुण्याचा धोंडा.

आमच्या परसात विहिरीजवळ एक लांबोडका धोंडा होता. वडिलांनी तरुणपणी नाल्यातून बैलगाडीत घालून आणलेला. बाजूने पाहावे तर सागवानाच्या ओंडक्यावर असतात तशा उभ्या रेघा. टोकाकडून पाहावे तर एकात एक वर्तुळे. हात लावला की थंड, जड, दगडच. आजी सांगायची, ते झाड होते, कुणा ऋषीच्या शापाने दगड झाले. मी आठ-नऊ वर्षांची असेन. मी विचारले, "झाड होते तर पाला कुठे गेला? आणि मुळे?" आजी म्हणाली, "तोंड चालते तेवढे हात चालव." पुढे लग्न होऊन चंद्रपूरला येईपर्यंत दहा वर्षे मी त्या धोंड्यावर कपडे आपटले. प्रश्न तसाच राहिला. तो विचारायला दुसरे कोणी नव्हते. सातवीनंतरची शाळा लांब होती, आणि मुलीला एवढ्या लांब कोण पाठवणार?

हैदराबादच्या त्या दालनात पाटीजवळ दगड झालेल्या लाकडाचा एक तुकडा पाहिला आणि मी ओळखला. माणूस गर्दीत आपल्या गावचा चेहरा ओळखतो तसा.

घरी आल्यावर मी मुलीला धरले. ती दहावीला होती. तिच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात पहिलाच धडा 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा आहे. मी पोळ्या लाटायच्या आणि तिने वाचायचे, असे आमचे महिनाभर चालले. तिला वाटे आईला आपल्या परीक्षेची काळजी. मला काळजी माझ्या धोंड्याची. पुस्तकात नाही ते तिने मोबाईलवर शोधून दाखवले, आणि ओळखीतल्या एका महाविद्यालयातल्या भूगर्भशास्त्राच्या बाईंनी उरलेले समजावून दिले. त्यांचा वेळ मी फार घेतला.

लाकडाचा दगड कसा होतो, ते त्या बाईंनी सांगितले आणि मी माझ्या पद्धतीने समजून घेतले. आपण मोरावळा करतो. आवळा पाकात पडला की त्याच्या अंगात पाक शिरतो. आकार आवळ्याचा राहतो, आत साखर जाते. झाड किंवा हाड नदीच्या गाळात चटकन गाडले गेले, त्याला हवा लागली नाही, तर ते लवकर कुजत नाही. जमिनीतल्या पाण्यात क्षार विरघळलेले असतात. आपल्या चंद्रपूरच्या पाण्याने चहाचे भांडे आतून कसे पांढरे होते, ते तुम्हाला सांगायला नकोच. ते पाणी लाकडाच्या कणाकणात झिरपते, लाकूड हळूहळू जाते आणि त्या जागी दगड बसतो. मोरावळ्याला महिना लागतो, याला हजारो-लाखो वर्षे. शाप कुणी दिला नाही. पुराने गाडले आणि पाण्याने मुरवले.

आणि किती जुने? कोटा थर सतरा-अठरा कोटी वर्षांपूर्वीचे धरतात. कोटी हा शब्द आपण पैशासाठी ऐकतो, वर्षांसाठी ऐकत नाही, म्हणून तो डोक्यात शिरत नाही. मी असे केले: आपल्या मंडळाच्या भिंतीवरचे कॅलेंडर घ्या. एक कोटी वर्षांचे एक पान असे धरले तर त्या जनावरांसाठी सतरा-अठरा पाने मागे जावे लागेल. आणि शिवाजी महाराज, चंद्रपूरचा गोंडांचा किल्ला, रामायण-महाभारत हे सगळे शेवटच्या पानाच्या शेवटच्या चौकटीच्याही खालच्या कोपऱ्यात मावून जाईल.

आमचे घरचे कोळशाच्या खाणीत नोकरीला आहेत. मी हे सगळे मोठ्या उत्साहाने सांगितले, तर ते जेवता जेवता म्हणाले, "त्यात काय? खाणीत कोळशाच्या वरच्या पाटीसारख्या दगडावर पानांचे ठसे रोज दिसतात. जिभेसारखी लांब पाने. ते तर तुझ्या जनावराहूनही जुने." वीस वर्षे संसार झाला, पण ही गोष्ट त्यांनी कधी घरात काढली नव्हती! पुरुष खाणीतून घरी काय आणतील तर कपड्यांवरचा कोळसा.

हे झाले पलीकडच्या काठाचे. पण आपल्या काठाची गोष्ट तर याहून मोठी आहे, आणि ती आपल्या जिल्ह्यांत किती थोड्यांना ठाऊक आहे याचे मला वाईट वाटते. गडचिरोली जिल्हा १९८२ साली वेगळा झाला; त्याआधी सिरोंचा आपल्याच चांदा जिल्ह्यात होता. त्या सिरोंचा तालुक्यात पोचमपल्ली गावाजवळ १९५८ मध्ये प्रचंड हाडे दिसली. कलकत्त्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या लोकांनी १९६० आणि १९६१ मध्ये ती खणून काढली. सुमारे तीनशे हाडे, निदान सहा जनावरांची. मांडीचे एकच हाड १.७ मीटर, म्हणजे साडेपाच फुटांहून लांब. उभे केले तर माझ्या डोक्याच्या वर जाईल. १९७५ मध्ये त्याला नाव दिले बारापासॉरस. यातला 'बारा' म्हणजे बडा आणि 'पा' म्हणजे पाय. एवढ्या मोठ्या शास्त्रीय नावात आपला पाय आहे, हे ऐकून मला हसू आले. त्यापुढे टागोरांचे नाव जोडले, कारण १९६१ हे रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीचे वर्ष. हा चांद्याचा लेक आज कलकत्त्याला त्या संस्थेच्या संग्रहालयात उभा आहे.

या शोधाच्या मागे एक बाई होत्या, हे मी मुद्दाम सांगते. पॅमेला रॉबिन्सन त्यांचे नाव. संस्थेचे प्रमुख महालनोबिस यांच्या बोलावण्यावरून त्या १९५७ साली लंडनहून आल्या, आणि आपल्याकडच्या तरुण मुलांना जुनी हाडे कशी शोधायची, कशी उचलायची ते त्यांनी शिकवले. त्या काळी आपल्या जंगलाच्या टोकाशी रस्ते तरी कुठे होते?

पोचमपल्लीची हाडे मोठमोठ्या दगडी ओंडक्यांत मिसळलेली सापडली. त्यावरून जाणत्यांनी ताडले की जनावरांचा कळप मोठ्या पुरात सापडला असावा आणि झाडांबरोबर वाहत येऊन एका जागी अडकला असावा. हे मुलीने वाचून दाखवले तेव्हा माझ्या हातातले लाटणे थांबले. २०२२ च्या जुलैत सिरोंच्याला जो पूर आला तो माझ्या भावाने पाहिला आहे. ओंडके, गुरे, छपरे सगळे एकातएक अडकून आले, असे त्याने फोनवर सांगितले होते. एप्रिलमध्ये त्याच नदीवर पुष्कर मेळा झाला होता, लोकांनी दिवे सोडले होते. नदी तीच, आणि तिची रीतही तीच.

आता वरोऱ्याकडच्या ज्या भगिनी आहेत त्यांनी नाक मुरडू नये, कारण मी शेणाबद्दल बोलणार आहे. वरोरा तालुक्यात पिसदुरा नावाचे गाव आहे. तिथे या अजस्र जनावरांची हाडे तर सापडतातच, पण त्यांचे दगड झालेले शेणही सापडते. हे सिरोंच्याच्या जनावरांपेक्षा पुष्कळ अलीकडचे, साडेसहा-पावणेसात कोटी वर्षांपूर्वीचे. आपण गोवरी फोडली की गाईने कडबा खाल्ला की हिरवा चारा, ते सांगतो. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतल्या वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेच केले. ते शेण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि त्यात गवताच्या पानांतले काचेसारखे बारीक कण सापडले. हे २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. तोपर्यंत जगभर असे समजत की त्या जनावरांच्या काळी गवत नव्हतेच! पुढे २०११ मध्ये त्यांनी दाखवले की त्यात धानाच्या कुळातलेही गवत होते. भगिनींनो, आपली झाडीपट्टी धानाची. कमरेइतक्या वाकून आपण रोवणी करतो. त्या धानाच्या पूर्वजांचा सर्वांत जुना दाखला आपल्या जिल्ह्यातल्या शेणात निघावा, हा योगायोग मला तरी लहान वाटत नाही.

ती लखनौची संस्था ज्यांच्या नावाची, त्या बिरबल साहनींनी १९४९ च्या एप्रिलमध्ये इमारतीची कोनशिला पंडित नेहरूंच्या हस्ते बसवून घेतली, आणि आठवड्याच्या आतबाहेर ते वारले. संस्था त्यांच्या पत्नीने, सावित्री साहनींनी, पुढे वीस वर्षे सांभाळली. अशा बाईंचे नाव आपल्या मंडळात एकदा तरी घेतले जावे असे मला वाटले.

आता ज्यावरून आमच्या घरात वाद झाला त्याकडे येते. मुलीने धडा वाचताना माणसाच्या उत्क्रांतीचा भाग आला. सासूबाई जपमाळ घेऊन बसल्या होत्या. त्या कडाडल्या, "आमच्या घराण्याचे गोत्र ऋषीचे. माकडाचे नव्हे!" मुलगी गप्प झाली. मीही गप्प झाले असते. वीस वर्षे तेच करत आले. पण त्या दिवशी कसे कोण जाणे, मी म्हणाले, "आई, माकड आपला आजा असे पुस्तकात नाहीच. आपण आणि माकड चुलत घरातले. दोघांचा मूळपुरुष एक, तो माणूसही नव्हता आणि आजचे माकडही नव्हे." सासूबाई म्हणाल्या, "चुलत तरी कशाला?" तेव्हा मुलगी हळूच म्हणाली, "आजी, मागच्या पावसाळ्यात न्हाणीत घसरून पडलीस तेव्हा तुझे काय दुखत होते?" सासूबाई म्हणाल्या, "माकडहाड." आणि स्वतःच थबकल्या. शेपटीचा उरलेला खुंट तो. आपल्या जुन्या बायकांनी त्याला नाव काही उगीच दिलेले नाही. सासूबाईंनी मग जप पुढे सुरू केला, पण माझे लक्ष होते. दोन-तीन मणी त्यांनी तसेच सोडले.

कोणी म्हणतात की दशावतारात हेच सांगितले आहे. आधी मासा, मग कासव, मग वराह. मला ते ओढूनताणून वाटते. मी एकादशी करते, पोथी वाचते. पण पोथीची गोष्ट पोथीच्या जागी आणि दगडाची दगडाच्या जागी, असे ठेवले तर दोघांचाही मान राहतो.

तरी एक कोडे मला उरलेच होते. एका जातीतून दुसरी जात निघते म्हणजे कशी? कोण बदलते? त्याचे उत्तर मला नागभीड तालुक्याने दिले. नांदेड गावच्या दादाजी खोब्रागड्यांचे नाव इथे कोणाला ठाऊक नाही? तिसरी शिकलेला, दीड एकराचा शेतकरी. १९८३ मध्ये त्यांना आपल्या धानात काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. दुसऱ्या कोणी त्या बाकीच्यांबरोबर झोडून टाकल्या असत्या. त्यांनी बी वेगळे ठेवले, वेगळे पेरले, पुन्हा चांगले निवडले, पुन्हा पेरले. त्यातून जो धान झाला तो एचएमटी. त्या वेळी गाजलेल्या मनगटी घड्याळाचे नाव. आज तो तांदूळ कुठे कुठे शिजतो! दादाजी २०१८ मध्ये गेले. डार्विन नावाच्या साहेबाने १८५९ मध्ये जे पुस्तक लिहिले त्यात, त्या महाविद्यालयातल्या बाई सांगतात, हेच आहे. लेकरे आईबापांसारखी असतात पण हुबेहूब नसतात. शेतात निवडणारे दादाजी असतात. रानात निवडणारे कोणी नसते. तिथे दुष्काळ निवडतो, वाघ निवडतो, थंडी निवडते. जो तगला त्याचे बी पुढे जाते. दहा-वीस वर्षांत एका हाताने एवढा फरक पडतो, तर कोट्यवधी वर्षांत काय पडणार नाही?

हे कळल्यापासून मला रानातली विचित्र जनावरे विचित्र वाटेनाशी झाली. आमच्याकडचे खवले मांजर घ्या. अंगावर मासोळीसारखे खवले, तोंडात एकही दात नाही, जीभ लांबच लांब, मुंग्या-वाळवी खाऊन राहते. लहानपणी मी एकदा पाहिले, वडिलांबरोबर मोहफुले वेचायला गेले असताना. शेपटीवर पिलू बसवून आई चालली होती. मला वाटले ही घोरपडीची कोणी लागत असेल. पण ती पिलाला दूध पाजते, म्हणजे गोत आपलेच. खवले तेवढे वेगळे, आणि तेही आपल्या नखांच्याच जातीचे. त्या खवल्यांच्या लोभाने लोक तिला मारतात. कायद्याने गुन्हा आहे, तरी मारतात.

आणि मुलीच्या पुस्तकात एक बदकचोचा प्लॅटिपस आहे. ऑस्ट्रेलियात राहतो, अंडी घालतो, आणि पिले बाहेर आली की दूध पाजतो! त्याचे कातडे पहिल्यांदा विलायतेला गेले, तेव्हा तिथल्या पंडिताला शंका आली की बदकाची चोच कोणी शिवून बसवली असेल. पुस्तक त्याला जोडणारा दुवा म्हणते. आपल्या गल्लीत नाही का एखादी काकू असते, जिचे माहेर एका वाड्यात आणि सासर दुसऱ्यात, आणि जिच्यामुळे दोन्हीकडचे नाते लक्षात राहते?

दुधावरून आणखी एक. ती अजस्र जनावरे प्राणहितेकाठी फिरत होती त्याच काळी त्यांच्या पायांखाली चिचुंद्रीएवढे, दूध पाजणाऱ्यांच्या कुळातले लहान जीवही पळत होते. कोटा थरांत त्यांचे बारीक दात सापडले आहेत; १९८१ मध्ये त्यातल्या एकाला कोटाथेरियम असे नाव दिले. मोठी गेली, लहानांचे कुळ राहिले. पण मोठी सगळीच गेली असेही नाही. त्यांच्या भाऊबंदांत दोन पायांवर पळणारी, मांस खाणारी एक शाखा होती. तिच्यातून पक्षी झाले. ज्या भगिनींच्या घरी चालते त्यांनी रविवारी कोंबडीचे पाय जरा नीट पाहावेत, वरचे खवले दिसतील. आमच्या घरी आता कोंबडी आणली की मुलगी तिला मुद्दाम "लहान बकासुर" म्हणते.

आता माझा धोंडा. यंदा भाऊबिजेला मी माहेरी गेले ती याच ओढीने. भावाला वाटले बहीण ओवाळायला आली. ओवाळणे झाले, आणि मी तशीच परसात गेले. धोंडा नव्हता. भावजयीला विचारले. ती म्हणाली, "अहो वन्सं, आता नळ आला, मशीन आले. तो धोंडा घर बांधताना गवंड्याने फोडून पायात टाकला. चांगला टणक होता."

मी भावावर रागावले नाही, म्हणजे रागावले, पण कोणत्या तोंडाने? दहा वर्षे मीच त्यावर कपडे आपटले होते. मला माहीत असते तर मी सांगितले असते; मला कोणी सांगितले असते तर मला माहीत झाले असते. आमच्या तालुक्यात असे दगडी ओंडके पुष्कळ होते. कोणी पायऱ्या केल्या, कोणी पायात घातले, कोणी बाहेरच्यांना चार पैशांत दिले. वन खात्याने वडधमला आता जीवाश्मांचे उद्यान केले आहे, तिथे कुंपण आहे, पाट्या आहेत. पुढच्या सहलीला तिथे जावे असे मी सुचवते. तिकिटाचे पैसेही वाचतील. मात्र तिथून खडाही उचलून आणायचा नाही, हे आत्ताच सांगून ठेवते, कारण आपल्यातल्या काहीजणी तुळशीवृंदावनासाठी म्हणून काय काय उचलतात ते मी पाहिले आहे.

जेवणे झाल्यावर भावाची धाकटी मुलगी, चौथीतली, माझा हात धरून म्हणाली, "आत्या, तुझा दगड मला माहीत आहे." तिने मला घराच्या मागच्या कोपऱ्याकडे नेले. तिथे पायाचा एक दगड गिलाव्यातून अर्धा बाहेर राहिला आहे. मी पदराने पुसला. तेच टोक होते, वर्तुळांचे. आम्ही दोघी खाली बसलो. मी तिला सांगितले की झाडाला वर्षाला एक वर्तुळ पडते. तिने काडी घेतली आणि मधल्या ठिपक्यापासून मोजायला सुरुवात केली. एकतीसपर्यंत ती मोजत गेली. मग म्हणाली, "आत्या, याच्यापुढे सिमेंट आहे."